ग्वाल्हेरच्या बैठकीतली जागा

ग्वाल्हेरच्या हजिरा भागात सूफी संत महंमद गौस यांचा मोठा मकबरा आहे आणि त्याच आवारात मियाँ तानसेनाची लहानशी मजार आहे. शिंदे संस्थानाने १९२४ साली इथे उर्स म्हणून सुरू केलेला उत्सव आज तानसेन समारोह या नावाने देशभर ओळखला जातो. त्याची पहिली सकाळ ठरलेल्या क्रमाने पार पडते. आधी शहनाई वाजते, मग ढोलीबुवा मठाच्या महाराजांची हरिकथा होते, त्यानंतर मीलाद शरीफ आणि मजारीवर चादर. हरिकथा आणि मीलाद एकाच मांडवात, एकामागून एक, हे दृश्य ग्वाल्हेरची ओळख सांगताना नेहमी पुढे केले जाते आणि ते सांगण्यासारखे आहेच. पण संध्याकाळच्या मंचावर कोण बसते, त्याला कोण निवडते आणि त्याच्या मागे तानपुरा घेऊन बसलेल्या शिष्याला कोण शिकवते, हे या विधीवरून कळत नाही. त्याचा इतिहास वेगळा पाहावा लागतो.

दूरचित्रवाणीवरच्या रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांच्या चर्चेत टोकनिझम हा शब्द आता रुळला आहे. एखाद्या वंशाच्या, धर्माच्या, जातीच्या किंवा प्रदेशाच्या एका माणसाला सर्वांना दिसेल अशा जागी बसवायचे आणि निवडण्याचे, शिकवण्याचे, वगळण्याचे अधिकार मात्र आधीच्याच हातांत ठेवायचे, असा त्याचा अर्थ. मराठीत त्याला दाखवण्यापुरती जागा म्हणता येईल. शब्द नवा असला तरी प्रश्न जुना आहे, आणि ग्वाल्हेरात त्याची उत्तरे पाचशे वर्षांच्या काळात विखुरलेली सापडतात.

राजा मानसिंह तोमर याने १४८६ ते १५१६ या काळात ग्वाल्हेरवर राज्य केले. धृपदाला देशी भाषेचे रूप आणि दरबारी प्रतिष्ठा मिळाली ती त्याच्या आश्रयाने. संगीतावरचा ‘मानकुतूहल’ हा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. पुढे औरंगजेबाच्या काळात फकीरुल्लाने ‘रागदर्पण’ या फारसी ग्रंथात त्याचा आधार घेतला. नायक बख्शूसारखा गवई मानसिंहाच्या दरबारी होता. त्याची राणी मृगनयनी गुजर समाजातली. तिच्यासाठी बांधलेला गुजरी महाल किल्ल्याच्या पायथ्याशी आजही उभा आहे. तोमरांचे राज्य गेल्यावर इथले गवई बाहेर पडले. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फज्लने अकबराच्या पदरी असलेल्या गायक-वादकांची यादी दिली आहे. तीत छत्तीस नावे आहेत, तानसेन सर्वांत वर आहे आणि निम्म्याच्या आसपास नावांपुढे ग्वाल्हेरचा उल्लेख आहे. त्या यादीत माणसाच्या नावाबरोबर गावाचे नाव हीच कसबाची खूण होती. आजच्या गानस्पर्धेत गायकाच्या नावाखाली पडद्यावर गावाचे नाव उमटते, पण तिथे त्याचा उपयोग बहुतेक वेळा प्रेक्षकांची मते मिळवण्यासाठी होतो. ग्वाल्हेरचा म्हणून अकबराकडे गेलेला गवई ग्वाल्हेरची विद्या घेऊन गेला होता. हा फरक पुढच्या साऱ्या कथेत महत्त्वाचा ठरतो.

ग्वाल्हेरच्या गाण्याचा दुसरा आणि मोठा कालखंड मराठ्यांचा. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला. तळाचे शहर झाले तरी नाव लष्कर हेच राहिले. दक्षिणेतून आलेले सरदार, शिलेदार, कारकून, भिक्षुक, कीर्तनकार या वस्तीत स्थिरावले. शिंद्यांच्या घराण्यात बीडच्या मन्सूरशहा अवलियाची भक्ती होती आणि संस्थानात मोहरमचे ताजिये सरकारी इतमामाने निघत. अशा शहरात लखनौहून नत्थन पीरबक्ष हे ख्यालगायक आले. त्यांचे नातू हस्सूखाँ, हद्दूखाँ आणि नथ्थूखाँ. ज्याला आज ग्वाल्हेर घराणे म्हणतात ते या तीन भावांपासून धरले जाते.

या भावांच्या तालमीची एक कथा मराठी गवयांच्या घरोघरी सांगितली जाते. त्याच दरबारात बडे महंमदखाँ नावाचे दुसरे नामांकित गवई होते आणि त्यांच्या तानेची ख्याती फार मोठी होती. ते आपली विद्या या मुलांना देणार नाहीत हे उघड होते. म्हणून मुलांना पडद्याआड बसवून महिनोन्महिने त्यांचे गाणे ऐकवले गेले आणि एके दिवशी मुलांनी तीच गायकी भर दरबारात त्यांच्यापुढे मांडली. दुखावलेले महंमदखाँ ग्वाल्हेर सोडून रीवाला गेले. कथेत भर किती पडली असेल ते असो. एक गोष्ट तिच्यातून नीट कळते. दोन्ही बाजूंचे गवई मुसलमान, दोन्ही एकाच धन्याचे चाकर, तरी विद्येचे दार बंद होते. त्या काळात धर्मापेक्षा कुळाची भिंत अधिक उंच होती. चिजा, ताना, रागाची खास अंगे ही घरची मिळकत होती आणि ती मुलाला, पुतण्याला, फार तर जावयाला मिळे. हद्दूखाँचे एक जावई सहसवानचे इनायतहुसेनखाँ आणि दुसरे बीनकार बंदेअलीखाँ. पहिल्यांपासून रामपूर-सहसवानची गायकी उभी राहिली.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली तर याच भावांनी मराठी ब्राह्मणांच्या मुलांना शिकवले, ही घटना किती मोठी आहे हे समजते. वासुदेवबुवा जोशी आणि बाबा दीक्षित हे हस्सूखाँचे शिष्य. देवजीबुवा परांजपे धारला राहून ही गायकी गात. मिरजेजवळच्या बेडग गावी १८४९ साली जन्मलेला बाळकृष्ण हा मुलगा गाण्यासाठी घर सोडून निघाला, धारला देवजीबुवांच्या घरी सेवा करीत शिकला आणि अखेर ग्वाल्हेरात वासुदेवबुवांकडे पोचला. तेच पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. मिरज आणि इचलकरंजी इथे त्यांनी शिष्य तयार केले. विष्णु दिगंबर पलुस्कर, अनंत मनोहर जोशी, मिराशीबुवा, गुंडूबुवा इंगळे, नीलकंठबुवा मिरजकर ही नावे त्यांच्याच पंक्तीतली. लखनौहून ग्वाल्हेरला आलेले गाणे दोन पिढ्यांत कृष्णाकाठी रुजले.

या देवघेवीला दाखवण्यापुरती म्हणता येणार नाही. खाँसाहेबांच्या तालमीत शिष्याला घराण्याची अस्सल चीज मिळाली, ती पुढे शिकवण्याचा अधिकार मिळाला आणि आपल्या नावाने शिष्यशाखा उभी करता आली. सोवळ्याचे नियम त्या काळी सुटले नव्हते. ब्राह्मणाने मुसलमानाच्या हातचे पाणी घ्यायचे नाही हा रिवाज पक्का होता आणि गाण्याच्या खोलीबाहेर दोन जग वेगळी होती. तरीही विद्या पूर्ण दिली गेली. हस्सूखाँ १८५९ साली आणि हद्दूखाँ १८७५ साली वारले, तोवर त्यांचे गाणे त्यांच्या कुळाबाहेर भक्कम उभे होते.

पण उघडलेले दार एकाच अंगणात उघडत होते, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. या पिढ्यांतल्या मराठी शिष्यांची नावे वाचावीत: जोशी, दीक्षित, परांजपे, पंडित, छत्रे. लष्करच्या वस्तीत मराठा होते, कुणबी होते, माळी, शिंपी, महार होते, दरबारी वाजंत्री आणि चौघडा वाजवणारे होते. ख्यालाच्या वंशावळीत त्यांची नावे जवळजवळ दिसत नाहीत. शिकायला वर्षानुवर्षे घर सोडता येणे, दरबारात ओळख असणे, माधुकरी मागून राहता येणे, या सोयी ज्या जातीला होत्या तिलाच ती संधी साधता आली. ग्वाल्हेरच्या सर्वसमावेशक परंपरेचे वर्णन करताना ही गोष्ट गाळली जाते, आणि ती गाळणे अन्यायाचे आहे.

या काळातली दोन नाती विशेष लक्ष देण्यासारखी आहेत. विष्णुपंत छत्रे ग्वाल्हेरला गेले ते घोड्यांची विद्या शिकायला आणि तिथे हद्दूखाँकडे गाणेही शिकले. पुढे त्यांनी सर्कस काढली आणि ती देशाबाहेरही नेली. हद्दूखाँचे धाकटे चिरंजीव रहिमतखाँ वडिलांच्या आणि भावाच्या मृत्यूनंतर भरकटले. अफूच्या आहारी गेलेल्या, भ्रमिष्ट अवस्थेतल्या रहिमतखाँना छत्र्यांनी काशीहून आपल्यासोबत आणले. सर्कशीच्या मुक्कामांत त्यांच्या बैठकी होऊ लागल्या आणि भूगंधर्व या नावाने ते महाराष्ट्रभर गाजले. गायक अब्दुल करीमखाँच्या आवाजाच्या लगावावर त्यांची छाप पडली ती याच बैठकींमुळे. सर्कशीबरोबर फिरवला जाणारा अलौकिक गवई, एवढेच पाहिले तर हा देखाव्याचा प्रकार वाटेल. तसा तो नव्हता. छत्रे हे रहिमतखाँचे गुरुबंधू होते आणि गुरुपुत्र सांभाळणे हे त्यांनी कर्तव्य मानले. विष्णुपंतांच्या मागे त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी ते पाळले. खेळ संपल्यावरही हे नाते सुटले नाही. १९२२ साली रहिमतखाँ कुरुंदवाडला वारले.

दुसरे नाते निसारहुसेनखाँ आणि पंडित घराण्याचे. निसारहुसेनखाँ हे नथ्थूखाँचे दत्तक पुत्र. महाराज जयाजीराव शिंदे १८८६ साली वारल्यावर दरबारातला त्यांचा आधार गेला, तेव्हा शिष्य शंकर पंडित यांच्या घरी ते राहू लागले. खाँसाहेबांचे बिऱ्हाड ब्राह्मणाच्या वाड्यात, आणि त्या वाड्यातल्या लहान मुलांच्या कानावर उठल्याबसल्या तेच गाणे. त्या घरात १८९३ साली जन्मलेले कृष्णराव शंकर पंडित पुढे घराण्याचे प्रमुख गायक झाले. रामकृष्णबुवा वझेही निसारहुसेनखाँकडे शिकले. दरबाराने सोडलेल्या उस्तादाला शिष्याने घरात घेतले, ही ग्वाल्हेरच्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. तिच्यातच एक बदलही दडलेला आहे. उस्ताद आता घरमालक उरले नव्हते. पुढच्या पिढीत घराण्याचे नाव ज्यांच्या दारावर लागणार होते ते मराठी होते.

वाद्यांच्या बाजूला मात्र वेगळे घडले. अफगाणिस्तानातून रबाब घेऊन आलेल्या बंगश कुळातले हाफिजअलीखाँ (१८८८–१९७२) ग्वाल्हेर दरबारचे सरोदवादक होते. त्यांचे पुत्र अमजदअलीखाँ यांचा जन्म १९४५ साली इथेच झाला, आणि त्यांचे वडिलोपार्जित घर आज सरोदघर या संग्रहालयाच्या रूपात आहे. सरोदाची मिळकत कुळात टिकली, ख्यालाची कुळाबाहेर गेली.

स्त्रियांच्या वाट्याला आलेली जागा याहून बिकट होती. दरबारात गाणाऱ्या स्त्रिया होत्या, त्यांच्या गाण्याला दाद होती, पण घराण्याच्या वंशावळीत त्यांना ओळ नव्हती. जयाजीरावांच्या दरबारातल्या चुन्नाबाईंची कथा प्रसिद्ध आहे. बंदेअलीखाँच्या बीनेवर खूश होऊन महाराजांनी हवे ते मागा म्हटले आणि खाँसाहेबांनी चुन्नाबाई मागितल्या. हा प्रसंग रसिकतेचा म्हणून रंगवून सांगितला जातो. त्यात एक गायिका बक्षीस म्हणून दिली जाते आणि तिचे म्हणणे कोणी नोंदवत नाही, याकडे सांगणाऱ्यांचे लक्ष जात नाही. त्याच दरबारातल्या चंद्रभागाबाईंचे नाव आज उरले आहे ते त्यांच्या पुत्रामुळे. जयाजीराव आणि चंद्रभागाबाई यांचे पुत्र भैया गणपतराव यांनी ठुमरीच्या साथीला पेटी प्रतिष्ठित केली आणि उत्तर हिंदुस्थानातल्या ठुमरीचे वळणच बदलले. राजपुत्र असून गादीवर हक्क नाही, आणि गवई असून घराण्यात गणना नाही, अशी त्यांची अवस्था होती. मंचावर दिसणारी आणि कागदावर न उरणारी माणसे कोणत्या वर्गातली असतात, हे या मायलेकांवरून कळते.

विसाव्या शतकात निवडीचा अधिकार दरबाराकडून आणि उस्तादांकडून शाळांकडे गेला. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. कृष्णराव पंडितांनी १९१४ साली ग्वाल्हेरातच शाळा सुरू केली आणि तिला पुढे वडिलांचे नाव दिले. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरवली आणि महाराज माधवराव शिंदे यांच्या पाठिंब्याने जानेवारी १९१८ मध्ये लष्कर भागात माधव संगीत विद्यालय उघडले. तत्पूर्वी ग्वाल्हेरच्या काही गवयांना मुंबईला पाठवून भातखंड्यांची स्वरलिपी शिकवण्यात आली. राजाभैया पूंछवाले त्यांपैकीच, आणि पुढे ते या विद्यालयाचे प्राचार्य झाले.

शाळांनी केलेले काम फार मोठे आहे. फी भरणाऱ्या कोणालाही वर्गात बसता येऊ लागले. कारकुनाच्या, दुकानदाराच्या मुलांना राग कळू लागला आणि काही वर्षांतच घरंदाज मुली उघडपणे गाणे शिकू लागल्या. कुळाची भिंत पडली ती शाळेमुळेच. पण याच प्रक्रियेत खाँसाहेबांची जागा बदलली. भातखंड्यांनी उस्तादांकडून शेकडो चिजा मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकांतून छापल्या. लिपी न वाचणारा उस्ताद त्यामुळे विद्येचा स्रोत ठरला, पण अभ्यासक्रम आखणारा, परीक्षा घेणारा, प्रमाणपत्रावर सही करणारा ठरला नाही. परिषदेत त्याचे गाणे आदराने ऐकले जाई आणि शास्त्रावरच्या चर्चेत निर्णय पंडितांचा चाले. हद्दू-हस्सूखाँच्या तसबिरी भिंतींवर राहिल्या. ग्वाल्हेर घराण्याच्या भारतातल्या आजच्या गायकांत मुसलमान नाव शोधावे लागते. त्याच घराण्याची, हद्दूखाँचे शिष्य बन्नेखाँ यांची शाखा पंजाब आणि सिंधकडे गेली आणि फाळणीनंतर सीमेपलीकडे राहिली. ग्वाल्हेरवाले हे बिरूद तिथले गवईही लावतात.

ही हानी कोणा एकाच्या वाईट हेतूने झाली नाही. संस्थेचे कागद ज्यांना येत होते त्यांच्याकडे संस्था गेली. पण हेतू नव्हता म्हणून परिणाम लहान होत नाही.

शाळेनंतर आकाशवाणी आली. चाळीसच्या दशकात ज्या गायिकांचे खासगी जीवन समाजाला मान्य नव्हते त्यांना रेडिओवरून दूर ठेवण्याचे धोरण आखले गेले. चंद्रभागाबाई आणि चुन्नाबाई ज्या वर्गातल्या होत्या तो वर्ग अशा रीतीने बाजूला झाला. १९५२ ते १९६२ या काळात माहिती आणि नभोवाणी मंत्री असलेले बा. वि. केसकर यांनी ध्वनिचाचणीची पद्धत कडक केली. चाचणी मंडळाची सूत्रे भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांच्याकडे होती. नामवंत कलावंतांनाही परीक्षा द्यावी लागणार म्हणून मोठा असंतोष झाला. संगीताच्या ऱ्हासाचा दोष केसकर मुसलमान उस्तादांच्या परंपरेवर ठेवत. त्यांचे हे मत चुकीचे होते आणि ग्वाल्हेरचा इतिहासच त्याला पुरेसे उत्तर आहे. ऑडिशन हा शब्द भारतीय गवयांच्या रोजच्या बोलण्यात आला तो या काळात.

त्या शब्दाने पुढे दूरचित्रवाणीवर नवे रूप घेतले. झी टीव्हीवर १९९५ साली ‘सा रे ग म’ सुरू झाला तेव्हा परीक्षकांच्या खुर्चीवर शास्त्रीय संगीतातले दिग्गज बसत. सोनीवर २००४ साली ‘इंडियन आयडॉल’ आला आणि निकाल एसएमएसवर गेला. मुंबईचा मराठी तरुण अभिजीत सावंत पहिला विजेता ठरला. २००८–०९ मध्ये झी मराठीच्या ‘लिटिल चॅम्प्स’ने आळंदी, लातूर, रत्नागिरी, अलिबाग अशा गावांतली मुले महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवली. वारकरी घरातून आलेली मुलगी जिंकली. पुण्या-मुंबईबाहेरच्या आवाजांना अशी जागा यापूर्वी क्वचितच मिळाली होती.

वंशाचा प्रश्न उघडा पडला तो २००७ साली. त्या वर्षीच्या ‘इंडियन आयडॉल’च्या अंतिम फेरीत दार्जिलिंगचा गोरखा तरुण, कोलकाता पोलीस दलातला शिपाई प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल हे दोघे पोचले आणि तमांग जिंकला. दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात त्याच्यासाठी मते गोळा करण्याची मोठी मोहीम उभी राहिली होती. निकालानंतर दिल्लीच्या एका रेडिओ निवेदकाने गोरख्यांना पहारेकरी ठरवणारी टिप्पणी केली. तिच्यावरून सिलिगुडीत दंगल झाली आणि संचारबंदी लावावी लागली. मोहिमेचे एक पुढारी विमल गुरुंग यांनी त्याच ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. तमांगची जागा दाखवण्यापुरती म्हणून दिली गेली असेल किंवा नसेल, लोकांनी ती आपल्या मतांनी भरली. परीक्षकांच्या खुर्च्या मात्र मुंबईच्या चित्रपटसृष्टीकडेच राहिल्या. चौदा वर्षांनंतर, २०२१ साली, एका नृत्यस्पर्धेत आसामच्या लहान मुलीची ओळख करून देताना निवेदकाने चिनी बोलीची नक्कल केली आणि आसामच्या मुख्यमंत्र्यांना जाहीर निषेध करावा लागला. ईशान्येची मुलगी मंचावर होती, पण तिची ओळख लिहिणाऱ्यांत ईशान्येचा कोणी असता तर हे घडले नसते.

बाहेरच्या जगात हाच प्रश्न अधिक उघडपणे चर्चिला गेला आहे. ब्रिटनमध्ये २००७ साली ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये शिल्पा शेट्टीला वंशद्वेषी वागणूक मिळाली, तिथल्या प्रसारण नियामकाकडे ४४ हजारांहून अधिक तक्रारी गेल्या आणि अखेर तीच जिंकली. अमेरिकेत ‘सर्व्हायव्हर’ने २००६ साली स्पर्धकांचे वंशानुसार चार गट पाडले. गोरे, कृष्णवर्णीय, आशियाई आणि लॅटिन वंशाचे असे गट एकमेकांविरुद्ध उभे करण्यावर कडक टीका झाली. २०२० च्या नोव्हेंबरात त्याच सीबीएस वाहिनीने आपल्या रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांतले निम्मे स्पर्धक गोऱ्यांखेरीज इतर वंशांतून घेण्याचे जाहीर केले. त्या घोषणेत आणखी एक भाग होता: कार्यक्रम तयार करण्याच्या खर्चातला चौथा हिस्सा अशाच निर्मात्यांच्या प्रकल्पांना द्यायचा. वर्तमानपत्रांत मथळे झाले ते निम्म्या स्पर्धकांचे. खरा बदल घडवू शकेल असा भाग दुसराच होता, कारण निवडणारा बदलला तरच निवड बदलते.

ग्वाल्हेरातही निवडीचे अधिकार आता सरकारी खात्यांकडे आणि समित्यांकडे आहेत. मध्य प्रदेश शासनाचा तानसेन सन्मान १९८० साली प्रथम दिला गेला, तेव्हा कृष्णराव शंकर पंडित, हिराबाई बडोदेकर आणि बिस्मिल्लाखाँ अशी तीन नावे निवडली गेली. ग्वाल्हेरचा ब्राह्मण गायक, अब्दुल करीमखाँ आणि ताराबाई माने यांची गायिका कन्या, आणि काशीचा मुसलमान शहनाईवादक, ही निवड आजही आदर्श वाटावी अशी आहे. तिघांपैकी एकाचेही नाव प्रमाण भरून काढण्यासाठी घेतलेले नव्हते. त्यानंतर २००८ साली राजा मानसिंह तोमर यांच्या नावाने संगीत आणि कला विद्यापीठ इथे झाले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून आपल्या जाळ्यात घेतले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला किल्ल्यावर १२८२ तबलावादकांनी एकत्र वादन करून विक्रम केला. अशा प्रसंगी आकडे मोठे होतात. विद्यापीठात कोण शिकवतो, समारोहाच्या समितीवर कोण बसतो, गावातल्या वाजंत्र्यांच्या मुलांना तिथे प्रवेश मिळतो का, हे प्रश्न त्या आकड्यांत येत नाहीत आणि ते विचारत राहिले पाहिजे.

स्त्रियांच्या बाजूने ग्वाल्हेर गायकीला नवे बळ मिळाले ते मालिनी राजूरकर आणि वीणा सहस्रबुद्धे यांच्यामुळे. दोघींपैकी एकीचाही जन्म जुन्या घराण्याच्या वाड्यात झालेला नव्हता. राजूरकरांच्या टप्प्याने तर हा अवघड गानप्रकार विस्मरणातून पुन्हा बैठकीत आला. खुद्द पंडितांच्या घरात मुलीपर्यंत वारसा पोचायला बराच काळ लागला. कृष्णरावांचे पुत्र लक्ष्मण कृष्णराव पंडित यांच्यानंतर घराण्याची धुरा मुलाकडे जाईल अशी अपेक्षा होती. तुषार पंडित यांच्या अकाली निधनानंतर ती त्यांची बहीण मीता पंडित यांनी उचलली. ज्या घराने निसारहुसेनखाँना आसरा दिला, त्या घराच्या सहाव्या पिढीतल्या त्या गायिका आहेत, आणि व्यवसाय म्हणून गाणे स्वीकारलेली त्या घरातली पहिली स्त्री.